मातीचे रान

त्या राज्यात नदी कुठून येते हे कुणीच पाहिलेले नव्हते. वरच्या कातळांच्या फटीतून ती बाहेर पडे, रानाला एक मोठा वळसा घाली आणि खाली करवंदीच्या झुडपांआड दिसेनाशी होई. कातळांच्या पलीकडे कुठेतरी पाऊस झाला, की इकडे लख्ख ऊन असतानाही पाणी चढे, आणि चढताना ते फारसा आवाज करीत नसे. एवढी एक गोष्ट वगळली, तर राज्यात सारे ठीक होते.

नदीच्या वळणाशी जमीन खोलगट होती. तिला तळवट म्हणत. तिथली माती मऊ, कंदमुळे गोड, उन्हाचा ताप कमी, म्हणून बिळात राहणारी सगळी जनता तिथेच राही. उंच झाडांवर राहणाऱ्यांना पूर हा एक देखावा होता. ते फांदीवर बसून तो पाहत आणि मागच्यापेक्षा मोठा की लहान यावर वाद घालीत. तळवटीतल्यांना मात्र पुराआधी थोडा वेळ हवा असे. त्यांचे दुसरे काही मागणे नव्हते.

तिथे एक घूस राही. तिला सहा पिल्ले होती, अजून डोळेही न उघडलेली. घुशीला पिल्लू हलवायचे तर ते तोंडात धरूनच न्यावे लागते, आणि तोंड एकच असते. म्हणजे सहा वेळा चढ चढायचा आणि मध्ये पाच वेळा उतरायचा. पाण्याची खबर वेळेवर आली, तर सहाही पिल्ले वर. उशिरा आली, तर जेवढी नेता आली तेवढी.

म्हणून राज्यात हाळीची रीत होती. वरच्या कातळावर टिटवी बसे. पाणी फुगू लागले की ती हाळी देई. ज्याच्या कानावर हाळी पडेल त्याने ती पुढे द्यायची, मग तो वानर असो, मोर असो, नाहीतर झुडपातला एवढासा लावा. खालच्याने हाळी ऐकली की त्याने वरच्याला उलट एक आवाज द्यायचा. त्याला पोच म्हणत. पोच येईपर्यंत वरच्याने ओरडणे थांबवायचे नाही, असा दंडक होता. घसा बसला तरी नाही. ही रीत कुणी घातली ते कुणाला आठवत नव्हते, पण ती मोडावी असेही कुणाच्या मनात आले नव्हते.

मग एका दुपारी ढगाची सावली पाण्यावरून सरकली आणि टिटवीला वाटले, पाणी गढूळ झाले. तिने हाळी दिली. वानरांनी ती उचलली, मोरांनी उचलली, साळुंक्यांनी तर उचलली म्हणण्यापेक्षा डोक्यावर घेतली. हाळी तळवटीपर्यंत गेली, तिथून पलीकडच्या काठाने ओरडत ओरडत पुन्हा वर आली आणि टिटवीच्याच कानावर पडली. टिटवीला वाटले, आणखी कुणीतरी पाणी पाहिले. तिने पुन्हा हाळी दिली. आपलाच आवाज तिला नवी बातमी होऊन ऐकू येत राहिला, आणि सारे रान दिवस कलेपर्यंत ओरडत राहिले. कुणाची पोच कुणाला, काही कळेना. तळवटीतली जनता पिल्ले घेऊन चढावर ताटकळत बसली. नदी चढाच्या पायथ्याशी नेहमीसारखी वाहत होती.

राज्याचा धनी होता गवा. अंगाने अवाढव्य आणि स्वभावाने झोपाळू. सगळे त्याला थोरले म्हणत. त्या दिवशी थोरल्यांची दुपारची झोप मोडली, संध्याकाळचा चाराही गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावले.

"हे पुन्हा होता कामा नये," ते म्हणाले. "काय करायचं ते करा. पण हा कालवा मला परत ऐकायचा नाही."

सगळे धनेशाकडे पाहू लागले. धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी. त्या चोचीवर आणखी एक शिंग असल्यामुळे तो मुळातच भारदस्त दिसे, त्यात बोलण्याआधी मान तिरकी करून थांबायची त्याला सवय होती. थांबला की तो विचार करतो आहे असे वाटे, आणि पुष्कळदा तो खरोखरच करीत असे. त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

"थोरले," धनेश म्हणाला, "खऱ्या रानात काही बदलून बघायचं म्हटलं, तर चुकल्यावर जीव जातात. आपण एक लहान रान करू. मातीचं. तिथे आधी चुकून घेऊ. हवं तितकं चुकू. चुका संपल्या, की मग खऱ्या रानाला हात लावू."

हे बोलणे इतके शहाणपणाचे होते की त्यात खोट काढणे आजही अवघड आहे.

टेकडीवरची एक सपाट जागा निवडली गेली. वाळवीने माती आणली आणि तिच्या लाळेने ती घट्ट झाली. कातळ झाले, नदीचा पाट झाला, वळण झाले, वळणाशी मुठीएवढी तळवट झाली. प्रत्येक प्राण्याच्या जागी एकेक शेणकिडा बसवला. शेजारच्या किड्याने पंख वाजवले की आपणही वाजवायचे, एवढे त्यांना शिकवले. घुशीच्या जागी एक ठेंगणा किडा होता आणि त्याच्यापुढे शेणाच्या सहा गोळ्या. हाळी पोचली की त्याने एकेक गोळी ढकलत चढावर न्यायची. वरच्या बाजूला खडकाच्या खळगीत पाणी साठवले होते. ते सोडले की पाटातून झिरपत खाली येई. गोळ्या आधी वर गेल्या तर रीत चांगली, पाणी आधी आले तर वाईट. इतका सोपा न्याय राज्यात दुसऱ्या कशाला नव्हता.

घूस एकदा हे पाहायला टेकडीवर आली.

"तो माझा किडा का?" तिने विचारले.

"हो बाई, तोच तुमचा," खार म्हणाली. खारीकडे मातीच्या रानाची देखभाल होती.

घुशीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिले. "जरा सावकाश चालतो," ती म्हणाली. "पण माया आहे त्याला. गोळी सोडत नाही." आणि ती बऱ्याच समाधानाने परत गेली.

एक अडचण मात्र होती. खऱ्या रानात हाळी दर वेळी ऐकू जातेच असे नाही. कधी वारा ती भलतीकडेच नेतो, कधी ऐकणारा नेमका त्या क्षणी काहीतरी चावत असतो. मातीच्या रानात असे काही नव्हते. धनेशाने मान तिरकी केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग त्याने खारीला सांगितले, की रिठ्याच्या काळ्या बिया पुष्कळ आण, गुंजेच्या तांबड्या थोड्या आण, डोळे मिटून त्या एकत्र कर आणि वेळूच्या नळीत भर. एका किड्याची हाळी दुसऱ्याकडे जायची वेळ आली की नळीतून एक बी सोडायची. काळी निघाली, तर हाळी ऐकू गेली. तांबडी निघाली, तर वाऱ्याने नेली, मग पुढच्या किड्याने हलायचे नाही.

हीदेखील उत्तम युक्ती होती. धनेश मूर्ख असता तर ही गोष्ट सांगायला इतके वाईट वाटले नसते.

खारीचे काम नीटनेटके. तिच्या ढोलीत शेंगासुद्धा लांबीप्रमाणे लावलेल्या असत. कुणी तिची वस्तू उचलून पाहिली आणि जरा वाकडी ठेवली, तरी तिचा दिवस खराब जाई. अशा खारीने डोळे मिटून बिया भरल्या. आयुष्यात तेवढे एकच काम तिने क्रमाशिवाय केले असेल.

आता दोन रीतींची तुलना करायची होती. जुनी रीत, म्हणजे ऐकेल त्याने ओरडायचे आणि पोच घ्यायची, तिची बाजू वानराने घेतली. धनेशाची रीत नवी होती. वरून खाली मोजकीच ठाणी, टिटवी, मग वानर, मग भेकर, मग मोर, आणि मोराकडून तळवट. बाकी सगळ्यांनी गप्प बसायचे. आधी जुनी रीत पाहिली. किडे भराभरा पंख वाजवू लागले, भराभरा बिया निघू लागल्या. त्यांत तांबड्याही निघाल्या, हाळ्या हरवल्या, पुन्हा दिल्या गेल्या, एकच गोंधळ उडाला आणि पाणी आले तेव्हा दोन गोळ्या तळवटीतच होत्या. मग नवी रीत पाहिली. चार बिया निघाल्या, चारही काळ्या. सहाही गोळ्या वर गेल्या.

"हे काही खरं नाही," वानर म्हणाला. "माझ्या वेळी तांबड्या निघाल्या आणि तुमच्या वेळी सगळ्या काळ्या. वारा तुमच्या बाजूनं आहे, धनेशराव."

धनेशाला हे लागले, कारण तो अप्रामाणिक नव्हता. "बरोबर आहे," तो म्हणाला. "दोघांना वारा एकच मिळाला पाहिजे." त्याने खारीला सांगितले की बिया नळीतून जशा निघतील तशाच वाळूच्या खाचेत ओळीने लावत जा, आणि त्याच क्रमाने पुन्हा नळीत भर. त्याप्रमाणे दोन्ही रीती पुन्हा पाहिल्या. या खेपेला दोघांचा वारा अगदी सारखा होता. जुन्या रीतीला खूप ओरडावे लागे, म्हणून तिला खूप बिया लागत आणि त्यांत तांबड्यांची पाळी येई. नव्या रीतीला चारच बिया लागत. पहिल्या चार काळ्या होत्या. पाचवी तांबडी होती, पण तिथवर जायची गरजच पडत नसे.

वानराने ते मान्य केले. त्या दिवशी न्याय झाला यात शंका नाही. फक्त, क्रम ठेवायचा तो त्या दिवसापुरताच, हे कुणी खारीला सांगितले नाही. आणि खारीला विचारावेसे वाटले नाही, कारण तिला प्रथमच असे काम मिळाले होते ज्यात तिच्या स्वभावाला मान होता.

त्यानंतर मातीच्या रानात रोज पाहणी होऊ लागली. थोरले स्वतः येत, झाडाच्या सावलीत बसत आणि विचारीत, "नक्की ना?"

"पुन्हा पाहू, थोरले," धनेश म्हणे. खार बिया भरी. पाणी सुटे, किडे पंख वाजवीत, ठेंगणा किडा सहा गोळ्या वर नेई. पुन्हा पाहिले, पुन्हा सहा. कितीही वेळा पाहिले तरी सहा. एकदाही वारा आडवा आला नाही. इतक्या वेळा पाहून एकदाही न चुकलेली गोष्ट राज्यात आजवर कुणी पाहिली नव्हती, आणि थोरल्यांना पुन्हा दुपारची झोप लागू लागली.

हळूहळू नव्या रीतीत आणखी सुधारणा झाल्या. पोच काढून टाकली, कारण हाळी पोचतेच तर पोच कशाला? हाळी एकदाच द्यायची असे ठरले. तीच हाळी दुसऱ्यांदा कानावर आली, तर ती मागचीच समजून सोडून द्यायची, म्हणजे गोंगाटाच्या दिवसासारखी ती गोल गोल फिरणार नाही. आणि ज्याचे ठाणे नाही त्याने तोंड उघडायचे नाही. प्रत्येक सुधारणा आधी मातीच्या रानात पाहिली जाई आणि मगच खऱ्या रानात येई. घाईने काहीही केले गेले नाही.

टिटवी तेवढी कुरकुरली. "एकदा खऱ्या रानात करून बघू या की," ती म्हणाली. "मी खोटीच हाळी देते. खाली जाते का बघा."

"आणि सगळं रान पुन्हा पळापळ करू लागलं तर?" धनेश म्हणाला. "ते टाळायलाच तर हे केलं ना, टिटवीताई."

यावर टिटवी कातळावर परत गेली. ती मुळात ओरडणारी, वाद घालणारी नव्हे.

पुढे एक दिवस असा आला की एक रानकोंबडी किडे टिपत टेकडीवर आली. वाळूची खाच पाहून तिला उकरल्याशिवाय राहवेना, आणि तिने ती मनसोक्त उकरली. खारीने हुसकावले तेव्हा बिया इकडेतिकडे पडल्या होत्या. तेवढ्यात थोरले आले, त्यांच्या मागून धनेश आणि बरीच मंडळी आली. त्यांत घूसही होती. पिल्ले झोपली की ती अधूनमधून आपला किडा बघायला येत असे. खारीने घाबरीघुबरी होऊन हाताला लागतील तशा बिया गोळा केल्या आणि नळीत ओतल्या. सांगायचे धाडस तिला झाले नाही.

पाणी सुटले. टिटवीच्या किड्याने पंख वाजवले. काळी बी निघाली. वानराच्या किड्याने वाजवले. तांबडी निघाली.

भेकराचा किडा जागचा हलला नाही. मोराचा किडा हलला नाही. वानराचा किडा शिकवल्याप्रमाणे एकदाच पंख वाजवून स्वस्थ बसला. पाणी पाटातून आले, वळणाशी आले आणि तळवटीत शिरले. ठेंगण्या किड्याने पाय भिजल्यावर पहिली गोळी ढकलायला घेतली. ती चढाला लागण्याआधीच मऊ पडली आणि विरघळली. बाकीच्या पाच होत्या तिथेच विरघळल्या. किडा उताणा होऊन थोडा वेळ पाय हलवीत तरंगला.

थोरले उभे राहिले होते. धनेशाची चोच उघडी होती आणि त्याची मान अजिबात तिरकी नव्हती. त्या एका क्षणी राज्यातल्या सगळ्यांना सगळे दिसत होते.

"बुडाला," घूस म्हणाली. "माझा किडा बुडाला."

मग खारीला रडू कोसळले. "बिया सांडल्या होत्या, थोरले! त्या मेल्या कोंबडीनं उकरल्या. क्रम मोडला होता. माझी चूक झाली, मी सांगायला हवं होतं."

सगळ्या टेकडीने सुटकेचा श्वास टाकला. थोरले खाली बसले. धनेशाची मान हळूहळू तिरकी झाली.

"असं होय," तो म्हणाला. "म्हणजे आजची पाहणी धरायची नाही."

"पण बुडाला ना तो," घूस म्हणाली.

"बाई, ते खरं नव्हतं," धनेश मायेने म्हणाला. तो उद्धट कधीच नव्हता. "क्रम चुकला होता, म्हणून तसं झालं."

घुशीने पाण्यात पाहिले. "मग त्याच्या जागी आता कोण?"

"दुसरा ठेवू," खार डोळे पुसत म्हणाली. "काळजी करू नका. किडे पुष्कळ आहेत."

रानकोंबडीला टेकडीवर यायची बंदी झाली. खार मान खाली घालून बियांचा मूळ क्रम आठवून आठवून लावत बसली, आणि तिची आठवण इतकी पक्की होती की एकही बी इकडची तिकडे झाली नाही. थोरल्यांनी सगळ्यांदेखत तिचे कौतुक केले. दुसऱ्या पाहणीत नव्या किड्याने सहाही गोळ्या वर नेल्या. घूस ते पाहून घरी गेली. त्या रात्री तिने पिल्ले जरा जास्त जवळ घेतली, इतकेच.

नदीत पाणी आले त्या दिवशी आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता.

टिटवीने आधी फेस पाहिला. मग वाळक्या काटक्या पाहिल्या, मग मुळासकट उपटलेले एक झाड कातळाच्या फटीत आडवे अडकलेले पाहिले, आणि ते झाड तिच्या डोळ्यांदेखत उचलले गेले. तिने हाळी दिली. एकदा, रीतीप्रमाणे.

वानराने ती ऐकली. त्याने भेकराच्या दिशेने तोंड करून हाळी दिली. नदीकडून वाऱ्याची एक झुळूक आली, काही विशेष नाही, घाम वाळवते तेवढीच. भेकर गवतात तोंड खुपसून चरत होते. त्याने कान हलवला, माशी उडवली आणि पुन्हा खाली तोंड घातले. वानराचे तोंड आपोआप पुन्हा उघडले, कारण त्याच्या आजाने आणि पणजाने पोच ऐकल्याशिवाय कधी तोंड मिटले नव्हते. त्याने खाली पाहिले. मग त्याला आठवले की आता पोच येत नसते, आणि तो पाठ खाजवीत बसला.

चढावर कुणी हलताना दिसेना, तेव्हा टिटवीचा धीर सुटला. ती ओरडली. पुन्हा ओरडली. ओरडतच राहिली. वानराने तिची प्रत्येक हाळी ऐकली. ही तर मगाचीच, असे त्याने दर वेळी मनाशी म्हटले, आणि ते खरेच होते. झुडपातल्या लाव्यानेही ऐकली. त्याने चोच उघडली आणि मग मिटली. त्याचे ठाणे नव्हते.

टेकडीवर पाहणीची वेळ झाली होती. दुरून टिटवीचा आवाज वाऱ्यावर तुटक तुटक येत होता.

"एकदा सांगून हिला समाधान नाही," धनेश म्हणाला. "जुनी खोड."

"काही आलं तर नसेल ना?" थोरल्यांनी विचारले.

"आलं असेल तरी हाळी खाली गेली असणार, थोरले. तुम्हाला शंका असेल तर आत्ता पाहू." त्याने खारीला खूण केली. सगळे मातीच्या रानाभोवती दाटीने वाकून उभे राहिले. त्यांच्या पाठी नदीकडे होत्या.

खाली तळवटीत घूस आडवी होऊन पिल्लांना पाजत होती. तिच्या बिळाला दोन तोंडे होती. खालच्या तोंडाने आधी थंडावा आला, मग ओल आली, आणि मग एकाएकी पाणी आले. कुणी हाक मारली नव्हती, कुणी ओरडले नव्हते. तिने तोंडाशी लागेल ते पिल्लू उचलले आणि वरच्या तोंडाने बाहेर पडून चढ धरला. अर्ध्या चढावर ते ठेवावे आणि दुसऱ्यासाठी उतरावे म्हणून ती वळली. खाली बिळाची तोंडे दिसेनात. करवंदीची झुडपे दिसेनात. जिथे तळवट होती तिथे उन्हात चमकणारे सपाट पाणी होते, आणि ते चढ चढून वर येत होते. तिने पिल्लू खाली ठेवले नाही. ती टेकडीच्या दिशेने धावत सुटली.

टेकडीवर पोचली तेव्हा तिच्या अंगावरून पाणी निथळत होते. समोर सगळ्यांच्या पाठी होत्या. तिला ओरडायचे होते, पण तोंडात पिल्लू होते. ती थोरल्यांच्या मागच्या पायांमधून पुढे घुसली.

मातीच्या रानात पाणी पाटातून वळणाशी येऊन पोचले होते. ठेंगणा किडा चढावर शेवटची गोळी ढकलीत होता. ती मध्येच जराशी घरंगळली तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला. किड्याने तिला पायांनी अडवली, पुन्हा जोर लावला आणि वर आणून बाकीच्यांच्या ओळीत नेऊन ठेवली. सहा गोळ्या, कोरड्या, एकीला एक लागून.

"सगळी आली," थोरले म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. धनेशाची मान तिरकी झाली. कुणीतरी आनंदाने शेपटी आपटली. टिटवीचा आवाज आता येत नव्हता.

घूस त्या सहा गोळ्यांकडे पाहत उभी राहिली. तिच्या तोंडातल्या पिल्लाने पाय झाडले. तिच्या पायांखालची माती मऊ होऊ लागली होती. आणि खार गुडघे टेकून बसली, चुकू नये म्हणून पुटपुटत पुटपुटत, वाळूच्या खाचेतून बिया उचलून नळीत पुन्हा भरू लागली. काळी, काळी, काळी, काळी.